दोनशे छप्पन्न

नगरपालिकेचं फिकट पाकीट सात महिने
फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होतं.
आत दोन कुपनं: एक रक्ततपासणीचं,
दुसरं लसीचं, रक्तात कमी भरलं तर.
बासष्टपासून एकोणऐंशीपर्यंत जन्मलेल्या
फक्त पुरुषांसाठी.
आम्ही राहून गेलेलो.

चिनात्सुचा फोन आला, दुसरा महिना लागलाय म्हणाली,
आणि लगेच, "बाबा, ते पाकीट उघडा.
मगच या भेटायला."

राहून कसे गेलो, ते मला नीट आठवतं.
आठवीतल्या मुली व्यायामशाळेबाहेर रांगेत,
डाव्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडलेल्या,
आणि आम्हाला सरांनी मैदानात पिटाळलेलं.
तोमोए रडली. आम्ही तिला महिनाभर चिडवलं.
पुढे पोटात मूल वाढवायचं ते मुलींनी,
म्हणून टोचायचं तेही मुलींना, असा तेव्हाचा हिशेब.
शेताला तीन बाजूंनी कुंपण घातलं होतं.
चौथी बाजू चेंडू खेळत होती.

दवाखान्यात ओगाता नावाची नर्स.
आठवड्याने तिने कागद पुढे सरकवला,
दोनशे छप्पन्न.
रक्तातलं पाणी दुप्पट करत जातात म्हणे,
आठपट, सोळापट, बत्तीसपट पातळ,
आणि बघतात, ओळख कुठपर्यंत टिकते.
तुमची भलतीच टिकली, ती हसून म्हणाली,
लस नको तुम्हाला. अभिनंदन.
लहानपणी होऊन गेला असेल तीन दिवसांचा गोवर.

लहानपणी नाही.

दोन हजार तेराचा वसंत. गोदीत जहाज द्यायची तारीख
डोक्यावर. मानेला मागे दोन गाठी,
अंगात कणकण, छातीवर गुलाबी पुरळ.
मी म्हटलं, वेल्डिंगच्या जाकिटाचा घाम असेल.
एकही दिवस रजा टाकली नाही.
दुखणं अंगावर काढलं.
काढलं म्हणतो आपण,
कुणाच्या अंगावर, ते विचारत नाही.

कुरेच्या उतारावरून खाली जाणारी
सहा चाळीसची बस.
पर्सला गुलाबी बिल्ला लावलेली एक बाई चढली,
पोटात बाळ असल्याचा बिल्ला;
पोट अजून दिसतही नव्हतं.
सगळे झोपल्याचं सोंग घेऊन बसलेले.
मी उठलो. तिला जागा दिली.
आणि वरची कडी धरून
तिच्यावर किंचित वाकून उभा राहिलो,
सोळा थांबे.
मध्ये दोनदा खोकलो. तिने मान झुकवून
पुन्हा आभार मानले.

आता कुठल्याशा तक्त्यात माझी एक रेघ वाढेल.
माझ्या पिढीतले पुरुष, अमुक टक्के सुरक्षित;
कोण टोचून सुरक्षित झाला,
कोण आजार वाटून,
तो रकाना मी कागदावर शोधला.
नव्हता.
"शाब्बास, बाबा!" चिनात्सु फोनवर ओरडली.
मी हं म्हटलं. उरलेलं कुपन
घडी करून पाकिटात ठेवलं, परत चुंबकाखाली.

बसने अजून जातो. तसा बिल्ला दिसला
की अजून उठतो,
पण उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभा राहतो,
शक्य तितका लांब, तोंड काचेकडे.
याला आता काही अर्थ नाही, माहीत आहे मला.

काल शाळेपाशी बस थांबली.
पहिलीची मुलं, पिवळ्या टोप्या,
पाठीपेक्षा मोठी दप्तरं, रस्ता ओलांडत होती.
सहा वर्षांची.
मी त्यांच्या कानांमागे बघत होतो, एकेकाच्या.
पलीकडून बाईंनी हाक मारली.
सगळी वळली.
एक वळलं नाही.

लक्ष नसेल त्याचं.
पोरांचं नसतं.